मूत्रपिंडाला मिळालेली खबर

४ जानेवारी

आत्या,

निकाल बाबांकडून तुला कळला असेलच. बाकीचे सगळे विषय सुटले, एक पॅथोफिजिऑलॉजी राहिला. फेब्रुवारीच्या शेवटी त्याची फेरपरीक्षा आहे. त्यातही नापास झाले तर कोर्समधून नाव कमी होतं, असा इथला नियम आहे. म्हणजे नुसतं वर्ष वाया जाणार नाही, नर्स होणंच राहून जाईल.

तू म्हणशील, मागच्या वेळी बाबांना टायफॉइड झाला म्हणून पेपर गेला. परीक्षेच्या तोंडावर मी बॅग भरून घरी आले, त्यांच्या उशाशी बसले, तू ‘परत जा’ म्हणत राहिलीस नि मी ऐकलं नाही, हे खरंच आहे. पण खरं सांगू? घरी आले नसते तरी तो पेपर गेलाच असता. मी सगळं पाठ केलं होतं. कारणं पाठ, लक्षणं पाठ, चाचण्या पाठ. प्रश्न जरा फिरवून आला नि माझी पाटी कोरी. आमच्या ट्यूटर बाईंनी उत्तरपत्रिका दाखवली. म्हणाल्या, “तुला आजारांची नावं येतात. आजार कसा चालतो ते येत नाही.”

माझी खोलीतली मैत्रीण सकाळी दात घासताना एंझाइम्सची नावं म्हणते. तिला जमतं. मला फक्त फेस येतो.

तू इतकी वर्षं वॉर्ड सांभाळलास. तुझ्या जुन्या नोट्स असतील तर पाठव ना.

तुझी,
ठमी

•

१० जानेवारी

ठमे,

नोट्स नाहीत. होत्या त्या निवृत्त झाल्यावर एका शिकाऊ पोरीला दिल्या. तिनं त्या वाचल्या की त्यावर चहाचा कप ठेवला, देव जाणे.

त्याऐवजी मी तुला दर पत्रात एक रुग्ण पाठवीन. त्याच्या आत काय चाललंय ते तू लिहायचं. अट एकच. ज्यानं वैद्यकाचं एकही पुस्तक उघडलेलं नाही अशा माणसाला वाचून दाखवलं तर त्याला कळलं पाहिजे. अवघड शब्द आला की मी पत्र परत पाठवणार, आणि तिकीट तुझं. फोन करू नकोस. फोनवर माणूस ‘बरं आहे’ एवढंच बोलतो. लिहायला बसलं की निदान विचार करावा लागतो.

तर रुग्ण. साठीतली बाई. कष्टाचं काम करणारी. हल्ली जिना चढताना वळणावर थांबते, आणि खिडकीतून रस्ता बघायला थांबले असं दाखवते. संध्याकाळी चपला पायात घुसत नाहीत, सकाळी घुसतात. आडवी झाली की खोकला येतो, म्हणून उशांची चळत लावून जवळजवळ बसूनच झोपते. रात्री लघवीला उठावं लागतं. डॉक्टर म्हणाले, हृदय अशक्त झालंय. आता सांग, बिघाड छातीत, तर सूज पायात कशी गेली?

घरचं ठीक. तुझा बाप एका नव्या दुकानाच्या पाटीवर आहे. अक्षरं नेहमीसारखी ताठ काढतोय. मी बाजारातून घरात घालायला एक माप मोठ्या सपाता आणल्या, आणि जुन्या चादरीतून उशांचे अभ्रे शिवले. निवृत्त बाईला आणखी काय काम.

आत्या

•

१७ जानेवारी

आत्या,

हे उत्तर मी तीनदा लिहिलं नि दोनदा फाडलं. तुझी अट फार वाईट आहे. अवघड शब्द काढून घेतले की मला काय काय कळलेलं नाही ते उघडं पडतं.

हृदय म्हणजे पंप. तो अशक्त झाला की प्रत्येक ठोक्याला रक्त कमी पुढे जातं. पुढे कमी गेलं म्हणजे मागे तुंबतं. फुप्फुसांच्या बाजूला तुंबलं की धाप लागते. शरीराच्या बाजूला तुंबलं की पाणी पाझरून पायात उतरतं, कारण पाणी खालीच जाणार. दिवसभर उभी राहिली की संध्याकाळी चपला घट्ट. आडवी झाली की तेच पायातलं पाणी परत रक्तात येतं. त्यातलं काही लघवीवाटे जातं म्हणून रात्री उठावं लागतं, काही छातीत चढतं म्हणून खोकला. उशा म्हणजे तिनं आपल्यापुरता शोधलेला उपाय.

इथपर्यंत पुस्तकातही होतं. पण परवा जेवणाच्या रांगेत उभी असताना एक गोष्ट अचानक दिसली. सगळ्यात वाईट काम मूत्रपिंड करतं, आणि ते अगदी प्रामाणिकपणे करतं. त्याच्याकडे रक्त कमी येतं. हृदय दमलंय हे त्याला कुणी सांगत नाही. त्याला वाटतं, अंगातलं पाणीच आटलंय, जसं उन्हातान्हात किंवा जुलाबात आटतं. म्हणून ते मीठ धरून ठेवतं, मिठामागून पाणी धरून ठेवतं. अंगात पाणी वाढतं, दमलेल्या पंपावर आणखी ओझं, तो आणखी दमतो, मूत्रपिंडाकडे आणखी कमी रक्त. बिचारं आणखी पाणी धरतं. ते चुकत नाही, आत्या. त्याला खबर चुकीची मिळते.

मला वाटतं, पहिल्यांदाच मला एक आजार कळला.

पाटीचं काम झालं का? बाबांना म्हणावं, शिडीवर फार वेळ उभे राहू नका.

ठमी

•

२४ जानेवारी

ठमे,

उत्तर वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं. पत्र परत पाठवावं असं काही सापडलं नाही. एवढ्यानं हुरळून जाऊ नकोस. नाडी जलद का होते ते तू लिहिलंच नाहीस. पंप एका ठोक्यात कमी देतो म्हणून ठोके वाढवतो. हेही सावरणंच. शरीर पडत नाही, ते आधी सावरतं, आणि बरेच आजार म्हणजे त्या सावरण्याचाच थकवा असतो. हे वाक्य पुस्तकात शोधू नकोस. वॉर्डातल्या लोकांनी मला शिकवलंय.

रुग्ण तीच, पुढची हकिगत. डॉक्टरांनी लघवी होणारी गोळी सकाळी घ्यायला सांगितलीय. ती घेत नाही. म्हणते, कामाच्या मध्येच सारखं उठावं लागतं, लोक काय म्हणतील. मीठ कमी करायला सांगितलं तर म्हणते, मग जेवायचंच कशाला. दोन दिवस बरं वाटलं की उरलेल्या गोळ्याही बंद. शिवाय कामानं खांदा दुखतो म्हणून दुकानातून आपल्या मनानं वेदनाशामक गोळ्या आणून खाते. घरातल्यांनी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. तिला हे का घ्यायचं आणि ते का सोडायचं, तेवढं सांग.

तुझा बाप मजेत आहे. पाटी अजून चालू आहे. रंग सुकायला वेळ लागतोय म्हणतो.

आत्या

•

३१ जानेवारी

आत्या,

तुझ्या बाईला सांग:

बाई, तुमचं मूत्रपिंड आता कुणाचं ऐकत नाही. त्याला समजावणं आपल्या हातात नाही, म्हणून गोळी त्याच्या हातातून जबरदस्तीनं पाणी सोडवते. गोळी सकाळी घेतली तर दिवसा उठावं लागेल. नाही घेतली तर रात्री उठावं लागेलच, आणि वर धाप. उठणं टळत नाही, कधी उठायचं तेवढंच तुमच्या हातात आहे. मीठ म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळे. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणं म्हणजे भिंत उभी दिसतेय म्हणून टेकू काढणं.

आणि खांद्याच्या गोळ्या आजच थांबवा, त्याऐवजी काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. त्या गोळ्या मूत्रपिंडाकडचं रक्त आणखी कमी करतात. आधीच चुकीची खबर, त्यात ही चहाडी. ते दुप्पट पाणी धरून बसेल.

हे जमलं असं वाटतंय. आज ट्यूटर बाईंनी वर्गात विचारलं तेव्हा मीच उत्तर दिलं. बाई चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या.

आणखी एक. फोन करू नकोस म्हणालीस, पण रविवारी राहवलं नाही, केला. दुपारभर कुणी उचललाच नाही. संध्याकाळी बाबांनी उचलला. विचारलं तर म्हणाले, “दवाखान्यात गेलो होतो. ताईचं काहीतरी काम होतं.” कसलं काम, तर म्हणे, “बरं आहे सगळं.” आत्या, तुला दवाखान्यात कसलं काम होतं?

ठमी

•

३ फेब्रुवारी

बाबा,

हे पत्र आत्याला दाखवू नका.

आत्या आजारी आहे. तिनं तुम्हाला सांगितलं नसेल, मलाही सांगितलेलं नाही. अभ्यासासाठी म्हणून ती मला एका बाईची हकिगत लिहिते. साठीतली बाई, जिन्यात थांबते, संध्याकाळी पाय सुजतात, उशा रचून झोपते, खांदा दुखतो. आधी मला काही वाटलं नाही. मग जुनी पत्रं परत वाचली. एक माप मोठ्या सपाता कुणी आणल्या? उशांचे नवे अभ्रे कुणी शिवले? आयुष्यभर रुग्ण उचलून खांदा कुणाचा गेला? जेवायला खालच्या खोलीतून वर कोण येतं? मी परक्या बाईच्या आजाराची उत्तरं मिटक्या मारत लिहीत होते, आणि ती बाई माझी आत्या निघाली.

आता तुम्ही करायचं ते असं. तिला जिना चढू देऊ नका, ताट खाली नेऊन द्या. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून तिला वजनकाट्यावर उभी करा. वजन एकदम वाढलं तर अंगात पाणी भरतंय असं समजा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. सकाळची गोळी तुमच्या समोर घेऊ दे. खांद्याच्या गोळ्या घरात दिसतील तिथून फेका. जेवणात मीठ अगदी कमी. तिला एकटीला वेगळं वाढलं तर ती चिडेल, म्हणून तुम्हीही तिच्याबरोबर तसंच जेवा. तुम्हाला काही त्रास होणार नाही त्यानं.

बाबा, मी येऊ का? परीक्षा काय, एक विषय आहे. ती एकच आहे.

तुमची,
ठमी

•

८ फेब्रुवारी

ठमे,

तुझं बापाला लिहिलेलं पत्र त्यानं मला दाखवलं. दाखवू नका असं लिहिलेलं दिसतंय, पण तुझ्या बापाच्या पोटात दोनच गोष्टी राहतात, जेवण आणि स्वतःचं दुखणं.

मी धडधाकट आहे. जिना तुझ्याआधी चढेन. दवाखान्यात काम माझं नव्हतं. सपाता त्याच्या, उशा त्याच्या, खांदा त्याचा. हात वर धरून जन्मभर पाट्या रंगवणाऱ्याचा खांदा दुखणार नाही तर कुणाचा दुखेल? मी ‘बाई’ लिहिलं ते तुला संशय येऊ नये म्हणून. संशय आलाच, पण माझा.

डिसेंबरात तो शिडीवर मधेच थांबायला लागला. खालून लोकांना वाटे, अक्षर न्याहाळतोय. मी एकदा खाली उभी राहून त्याचं न्याहाळणं पाहिलं आणि तिथूनच दवाखान्यात नेलं. हृदय अशक्त आहे. गोळ्यांनी आणि शिस्तीनं पुष्कळ वर्षं जातात, हे मी पाहिलंय, म्हणून लिहिते. धीर द्यायला लिहीत नाही. त्यानं मला शपथ घातली, परीक्षा होईपर्यंत तुला कळता कामा नये. “मागच्या वेळी माझ्या तापापायी तिचा पेपर गेला, या वेळी माझ्यापायी तिचा कोर्सच जाईल.” मी शपथ घेतली. खोटं बोलायला जीभ लागते, लपवायला नुसतं गप्प बसलं तरी भागतं.

पण गोळ्या तो घेईना. मी हुकूम सोडले. धाकट्या भावावर थोरल्या बहिणीचा हुकूम लहानपणीही चालला नव्हता. तेवढ्यात तुझं नोट्स मागणारं पत्र आलं, आणि मी ‘बाई’ लिहून पाठवली. तुझं पहिलं उत्तर आलं तेव्हा जेवताना मोठ्यानं वाचलं. ‘ठमीचा अभ्यास ऐक’ एवढंच म्हणाले. तो जेवत होता, ऐकत होता. मूत्रपिंडापाशी आले तसा त्याचा घास थांबला. म्हणाला, “तेवढं परत वाच.” दुसऱ्या उत्तरानंतर उठून शर्टाच्या खिशातल्या खांद्याच्या गोळ्या त्यानं स्वतः माझ्यासमोर ठेवल्या. “चहाडी करतात म्हणे,” म्हणाला. तेव्हापासून सकाळची गोळी घेतोय. सूज उतरलीय. दोन उशा कमी झाल्यात.

परवा तुझं पत्र वाचून तो हसला. हसता हसता खोकला. मग म्हणाला, “ठमीनं सांगितलंय, ताईचं ताट खाली नेऊन द्या.” आणि खरंच ताट घेऊन निघाला. जिन्याच्या वळणावर ताट धरून उभा राहिला, तो हलेचना. म्हणाला, “तिनं मला तुझी काळजी घ्यायला सांगितलंय, ताई. आता मी तिला काय लिहू?”

मी म्हटलं, “‘बरं आहे’ असं लिहिणार असशील तर टपालपेटीपर्यंत तुझा तू चालत जा.”

तो म्हणाला, “मग तूच लिही. काय आहे ते.”

लिहिलं. यायचं की परीक्षा द्यायची, ते तू ठरव. मी ‘ये’ म्हणणार नाही आणि ‘येऊ नको’ही म्हणणार नाही.

आत्या

•

१२ फेब्रुवारी

आत्या,

पत्र वाचून मी बॅग काढली. कपडे भरले. मग पलंगावर त्या बॅगेशेजारी बसून राहिले. मैत्रिणीनं विचारलं, “कुणी गेलं का?” मी म्हटलं, “नाही गं, कुणी आजारी आहे, आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.”

तुम्ही दोघांनी माझं मूत्रपिंड केलंत. मला रागही नीट येईना, कारण त्या मूत्रपिंडावर मीच कौतुकानं पानभर लिहिलं होतं. माझ्याकडे खबर आली, आत्या आजारी, बाबा ठणठणीत. मी प्रामाणिकपणे कामाला लागले. वेळेवर, मन लावून, चुकीच्या माणसासाठी. ‘तुम्हाला काही त्रास होणार नाही त्यानं’ असं मी त्यांनाच लिहिलं, ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. आणखी महिनाभर तुम्ही गप्प राहिला असता आणि मधेच त्यांना काही झालं असतं, तर मी कुणाला विचारलं असतं? तू म्हणालीस, शरीर सावरायला जातं आणि त्या सावरण्यानंच थकतं. घराचंही तसंच असतं का? बाबा मला सावरतात, तू बाबांना, मी तुला, आणि कुणाच्या पायाला सूज आहे ते कुणीच बोलत नाही.

मी येत नाहीये. आले तर मागच्यासारखी उशाशी बसेन, आणि त्यांना उशाशी बसणारं माणूस नकोय, वजनकाटा हवाय. पण माझी अट आहे. दर आठवड्याला बाबांनी स्वतःच्या हातानं मला लिहायचं. काटा कुठे आहे, पाय कसे आहेत, उशा किती, गोळी चुकली का. ‘बरं आहे’ हे दोन शब्द त्यात असता कामा नयेत. ते लिहीत राहिले तर मी इथे अभ्यास करू शकेन. पत्र चुकलं तर पुढची गाडी पकडीन, मग तो परीक्षेचा दिवस असला तरी.

बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवलेत. घडी मोडलीय, पण ठेवलेत.

ठमी

•

२७ फेब्रुवारी

आत्या आणि बाबा,

पेपर झाला. हृदय आलंच नाही. सगळ्यात मोठा प्रश्न होता, अपघातात खूप रक्त गेलेल्या माणसाच्या शरीरात पुढे काय काय होतं ते क्रमानं लिहा.

पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. मग, आत्या, मी तुझ्यासारखं विचारलं, हा सावरतो कसा? आणि माणूस दिसायला लागला. रक्त कमी झालं की शरीर कातडीच्या, आतड्यांच्या नळ्या आवळतं आणि आहे तेवढं रक्त हृदयाला नि मेंदूला देतं. म्हणून तो पांढरा, गार, घामेजलेला. नाडी पळते. मूत्रपिंड पाणी धरतं, म्हणून लघवी कमी. या वेळी त्याला मिळालेली खबर खरी असते. आणि या सगळ्या धडपडीमुळे सुरुवातीला रक्तदाब जवळजवळ नेहमीसारखा येतो. मी लिहिलं, रक्तदाब ठीक आला म्हणून नर्सनं निर्धास्त होऊ नये. तो आकडा म्हणजे शरीरानं म्हटलेलं ‘बरं आहे’ असतं. गार हात, नाडी आणि लघवी खरं काय ते सांगतात.

शेवटची दोन वाक्यं परीक्षकांना आवडतील की नाही माहीत नाही. खोडावीत असं वाटलं, पण वेळ संपला.

बाबा, तुमची पत्रं मी पेपरला जाताना खिशात ठेवली होती. दुसऱ्यात तुम्ही ‘गोळी एकदा चुकली, विसरलो नव्हतो, कंटाळा केला’ असं लिहिलंत. ते वाचून काळजी वाटायला हवी होती. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

ठमी

•

२० मार्च

ठमाबाई यांस,

पास झाल्याचं तुझं पत्र पोचलं. ताईनं ते तीनदा वाचलं आणि म्हणाली, “अक्षर सुधारायला हवं.” मग डोळ्यांत काही गेलं म्हणून आत गेली. मी तुझ्यासाठी एक छोटी पाटी रंगवून ठेवलीय. ‘सिस्टर’ एवढंच लिहिलंय, नावाची जागा मोकळी. कोर्स संपला की भरू. स्वयंपाकघरातही एक लावलीय, ‘येथे मीठ मागू नये’. ताई म्हणते, निदान ही तरी वेळेत झाली.

आता या आठवड्याची हकिगत. शिडीचं काम मी सोडलं. जमिनीवर ठेवून रंगवता येतील तेवढ्याच पाट्या घेतो. वाटलं होतं वाईट वाटेल, आणि वाटलंही. गोळ्या सगळ्या घेतल्या. उशा दोन.

पण आज सकाळी काटा कालच्यापेक्षा पुढे आहे. परवा रंगाच्या दुकानात गप्पा मारताना खारे दाणे समोर आले, मी मूठभर खाल्ले, काल परत खाल्ले. पाय जड आहेत, सपातांचा वळ उठतोय. वर येताना जिन्याच्या वळणावर थांबलो. खिडकीबाहेर काही बघितलं नाही, नुसता थांबलो.

ताई बाजारात गेलीय. ती आली की तिला सांगणार आणि दोघं दवाखान्यात जाणार. तोवर हातात कागद होता म्हणून तुला लिहिलं. तुझे ते दोन शब्द मी कुठेही लिहिलेले नाहीत, तपासून बघ. आहे ते एवढं आहे. बरं की वाईट, ते आता तू ठरवायचं.

जिन्यात ताईची पावलं वाजतायत. उठतो, सांगतो तिला.

बाबा